पाच भोकांचा शब्द

शहाद्याच्या एसटी स्टँडवर दोघांचं भांडण जुंपलं, की माणसं एक तर सोडवायला जायची, नाही तर मजा बघायला. आबा तिसऱ्याच कामाला जायचे. खांद्याला कंडक्टरची जुनी पत्र्याची पेटी, हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आणि कान टवकारलेले. एकदा बसायच्या जागेवरून दोन जण हमरीतुमरीवर आले होते. आबा इतके जवळ जाऊन उभे राहिले, की त्यातला एक त्यांच्यावरच उखडला. "तू काय दखी ऱ्हायना रे, भैताड!" आबांचा चेहरा उजळला. पेटीतून एक चिठ्ठी काढून त्यांनी खटकन भोक पाडलं आणि हात जोडून विचारलं, "भाऊ, तुमनं गाव कोनतं?" तो माणूस असा काही गोंधळला, की मूळ भांडण कशावरून होतं हेच विसरला.

आबा एसटीतले निवृत्त कंडक्टर. शहादा-धडगाव हा घाटाचा रस्ता त्यांनी नोकरीभर इतका तुडवला होता, की कुठल्या वळणावर कोण खिडकीकडं धावणार हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. स्टँडसमोर माझं टायपिंग, झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते आले आणि पंख्याखालची खुर्ची त्यांनी आपल्या नावे करून टाकली. मला विचारलं वगैरे काही नाही. अकरा वर्षं त्या खुर्चीवर मी दुसऱ्या गिऱ्हाईकाला बसवू शकले नाही. आता दुकान विकून मी नंदुरबारला राहायला आले आहे. इथं माझ्या घरातल्या खुर्चीवर कुणीही बसतं, आणि मला ते अजून सवयीचं झालेलं नाही.

पूर्वी कंडक्टरकडं तिकिटांचे गठ्ठे ठेवायला कप्प्याकप्प्यांची पेटी असायची. तिकिटाची मशीनं आली आणि पेट्या भंगारात गेल्या. आबांनी आपली घरी नेली. तिच्या कप्प्यांत आता तिकिटांऐवजी चिठ्ठ्या होत्या. माझ्याकडच्या चुकलेल्या लग्नपत्रिका कापून त्या केलेल्या असायच्या, त्यामुळं एका अंगाला गणपती नाही तर 'शुभविवाह', आणि दुसऱ्या अंगाला शब्द. लोकांच्या तोंडी आहे पण शब्दकोशात नाही असा शब्द कानावर पडला, की त्याची चिठ्ठी व्हायची. तोच शब्द दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकला की एक भोक. पाच भोकं पडली की शब्द पास. "ह्या शब्दले शीट भेटनी," असं म्हणत आबा ती चिठ्ठी शेवटच्या कप्प्यात सरकवायचे आणि मला ती टाइप करायला लावायचे.

नियम कडक होते. एका घरची दोन माणसं असतील तर भोक एकच. मुद्दाम विचारून काढलेला शब्द बाद. "इचारीसन येस तो पाहुना, बिनइचारता येस तो घरना," हे ते मला दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. स्वतःच्या घरच्यांची साक्ष तर त्यांना मुळीच चालत नसे, आणि याचा त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, भारी राग होता. "दिनभर मी बोली ऱ्हायनी, ते काय वारा शे का?" असं त्या मला विचारायच्या. मी काय सांगणार! निवृत्त कर्मचाऱ्याच्या पासामुळं आबांना एसटीचा प्रवास फुकट होता, म्हणून ते सकाळी कुठल्याही गाडीत बसायचे, मागच्या बाकावर कान लावायचे आणि संध्याकाळी चिठ्ठ्या घेऊन परतायचे. कुठं गेला होता असं विचारलं तर गावाचं नाव सांगत नसत. "तीन भोके," एवढंच सांगत.

एकच शब्द माणसं चार तऱ्हांनी लिहितात, याचा आबांना त्रास होत नसे. मला व्हायचा, कारण टाइप मला करावं लागायचं. धडगावला जाणाऱ्या वडाप जीपला आमच्याकडं कायीपिवयी म्हणतात. म्हणजे काळीपिवळी. गाडी पांढरीशुभ्र असली तरी ती कायीपिवयीच. पाट्यांवर तो शब्द कुठं कायीपिवयी, कुठं काळीपिवयी, कुठं कायपिवय असा दिसायचा. आबा सगळी रूपं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून एका टाचणीत ठेवत, आणि ज्या चिठ्ठीला जास्त भोकं तिला वर लावत. एकदा झेरॉक्सला आलेले एक निवृत्त गुरुजी ते बघून खवळले. शुद्ध रूप काळी-पिवळी, बाकी सगळी घाण, असं त्यांनी चांगलं पाव तास समजावलं. आबांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. मग गुरुजींचं लक्ष घड्याळाकडं गेलं आणि ते कागद गोळा करत उठले. "चाल वं ताई, मन्ही कायीपिवयी सुटी जाई!" खट.

मी हसले खरी, पण मला आतून बरं वाटलं नव्हतं. मी पण त्या गुरुजींच्याच शाळेत शिकलेली. म्हणजे त्यांच्यासारख्याच. पहिलीत मी बाईंना "मन्ही पाटी घर शे" असं सांगितलं होतं आणि सगळ्या वर्गासमोर हात पुढं करून उभी राहिले होते. तेव्हापासून मी घरात अहिराणी आणि उंबऱ्याबाहेर मराठी असे दोन जोड वापरत आले. लग्नपत्रिकेत कुणी अहिराणी ओळ सांगितली तर मी ती गुपचूप शुद्ध करून छापायचे आणि गिऱ्हाईकावर उपकार केले असं समजायचे. आबांच्या चिठ्ठ्या टाइप करायला मी सुरुवात केली ती कंटाळून, पण पुढं पुढं घरातले शब्द पडद्यावर उमटलेले बघून माझेच डोळे भरून यायला लागले. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी माझीच चिठ्ठी केली असती.

आबांना सगळ्यात प्रिय शब्द होता टावरी. तो मुळात सातपुड्यातला. धडगावच्या वरच्या अंगाला अशी कितीतरी गावं आहेत जिथं घरात मोबाइल लागत नाही. गावाबाहेरच्या एखाद्याच उंच टेपाडावर, एखाद्या मोहाच्या झाडाखाली, रेंज येते. ती जागा म्हणजे टावरी. ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत गेलेल्या माणसांशी बोलायचं तर घरच्यांनी टावरीवर चढायचं. जीपवाल्यांनी तो शब्द घाटाखाली आणला आणि शहाद्याची कॉलेजची पोरं गच्चीलासुद्धा टावरी म्हणायला लागली. त्या चिठ्ठीला भोकं पाडायला जागा उरली नव्हती. टॉवरी, टावरी, टावऱ्या अशी रूपंही टाचणीत जमली होती.

त्याच सुमारास एका विद्यापीठाच्या बोलीकोशासाठी शब्द मागवल्याचं आबांना कळलं. त्यांनी आपला सगळा शेवटचा कप्पा माझ्याकडून टाइप करवून पाठवला. उत्तर आलं ते असं, की शब्द उत्तम आहेत, परंतु प्रत्येकाला किमान दोन लिखित पुरावे हवेत. ते नसतील तर नोंद घेता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत. आबांनी पत्राची घडी करून ते पेटीत ठेवलं. "बोलनारा पाच आनात, ते चालनात नही," एवढंच बोलले. मग उठून पाट्या, भिंती, जीपच्या काचा यांचे फोटो काढत शहादाभर हिंडले. बऱ्याच शब्दांचं जमलं. टावरीचा मात्र एकच पुरावा मिळाला, एका जीपच्या मागच्या काचेवर रंगवलेलं 'टावरीना राजा'. दुसरा कुठंच नाही. तो मिळाला नाही तर त्यांचा लाडका शब्द कोशाबाहेर राहणार होता, आणि आबांच्या वयाला पुढच्या आवृत्तीची वाट बघा असं सांगण्यात काही अर्थ नव्हता.

इथं मी शहाणपणा केला.

धडगावच्या एका जीपवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. पत्रिका माझ्याकडं. नवरी वरच्या एका पाड्यातली. जीपवाला घाईत होता. जाता जाता तो म्हणाला, "ताई, पोरेस्ना नावनी एखादी गंमतनी ओळ टाकी द्या." मी टाकली. 'मन्हा काकाना लगीनले येवानं हं! टावरीवर जाईसन फोन नका करा, सरळ मांडवमा या!' छापील पुरावा तयार. पत्रिका आबांपुढं ठेवली तेव्हा माझी छाती फुगली होती. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढला. "ही ओळ कोनी सांगी?" मी म्हटलं, मीच. त्यांनी पत्रिका परत माझ्या हातात दिली. "मंग हाई पुरावा नही शे, ताई. हाई आपलंच बोलनं आपुनच आयकं." मला राग आला. एवढं केलं त्याचं काही नाही! मी दोन दिवस त्यांना चहा विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी जीपवाला पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आला. नवरीकडच्यांनी त्या परत पाठवल्या होत्या. आमच्या गावात रेंज नाही याची तुम्ही छापून थट्टा करता, लग्नाआधीच हे, तर पुढं पोरीला काय बोलाल, असा निरोप होता. जीपवाल्याला काही सुचत नव्हतं. आबा खुर्चीवरून उठले. "चाल," म्हणाले. दुकानाला कुलूप लावून आम्ही धडगावची एसटी धरली.

घाटात गाडी वळणं घ्यायला लागली तेव्हा आबा पहिल्यांदाच स्वतःविषयी बोलले. "मी नवा नवा कंडक्टर व्हतू. एक बाई चढनी, कडेवर पोर. तिनी गावनं नाव सांगं, तिन्हा बोलीमा. मी सांगं, असं गाव नही शे, पाटीवर दुसरंच लिखेल शे. आख्खी गाडी हासनी. बाई काई बोलनी नही. उतरी गयी." पुढं वर्षभरानं त्यांना कळलं, की त्या गावातली सगळी माणसं गावाचं नाव तसंच घेतात. पाटीवरचं नाव खालच्या कुणा पेंटरनं ऐकीव लिहिलं होतं. "गाव तिन्हं, आनि चुकी काढनारा मी," आबा म्हणाले. खिडकीबाहेर बघत ते पुढं म्हणाले, की त्या बाईनं तो घाट पोर घेऊन पायी चढला असणार. त्यांचा हा नाद म्हातारपणाचा विरंगुळा आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. मला माझीच लाज वाटली.

पाड्यावर नवरीचे वडील ओसरीत बसले होते. ते आमच्याशी बोलायला तयार नव्हते. बोलली ती नवरीची वहिनी. आश्रमशाळेत शिकलेली, गावात आशाताईचं काम करणारी. आबांनी हात जोडले आणि चूक आपली आहे असं सांगायला लागले. मी मध्येच म्हटलं, "नाही. ओळ मी लिहिली. कुणाला न विचारता लिहिली." वहिनीनं माझ्याकडं नीट पाहिलं. "ताई, आम्ही टावरी म्हणतो ती आमची बोलायची गोष्ट आहे. तुम्ही ती शहाद्यात बसून छापली, की खालच्या लोकांना हसायची गोष्ट होते." मी माफी मागितली. नव्या पत्रिका तीन दिवसांत पोचवते असं कबूल केलं, आणि त्यात काय लिहायचं ते तिलाच विचारलं. तिनं साधी ओळ सांगितली, सगळ्यांनी जेवायला या अशी.

परत निघताना ती आम्हाला म्हणाली, "आलाच आहात तर बघून जा." आणि तिनं आम्हाला टावरीवर नेलं. चढ असा, की आबांना चार वेळा बसावं लागलं. वर मोहाच्या झाडाखाली सहा-सात बाया आपापल्या पाळीची वाट बघत होत्या. एक म्हातारी फोन कानाला घट्ट दाबून गुजरातेतल्या मुलाशी पावरी बोलीत बोलत होती. मला शब्द कळत नव्हते, पण तो जेवला का हेच ती विचारत असणार. उतरताना तिला दोघींनी हात धरून आणलं, कारण पायवाट ढासळलेली होती. त्या रात्री शहाद्याला उतरल्यावर आबांनी टावरीची सगळी टाचणी काढली आणि पेटीच्या तळाशी पालथी ठेवली. "हाऊ शब्द आपुन धाडाना नही," ते म्हणाले. मी काही वाद घातला नाही.

मुदत संपायला चार दिवस उरले असताना ती वहिनी माझ्या दुकानात आली. शहाद्याला दवाखान्याच्या कामासाठी आली होती आणि तिला ग्रामसभेच्या ठरावाच्या तीन झेरॉक्स हव्या होत्या, धडगावच्या ऑफिसात द्यायला. मी कागद काचेवर ठेवला आणि माझं लक्ष गेलं. 'टावरीपर्यंतची पायवाट दुरुस्त करणे व टावरीवर बसण्यासाठी शेड बांधणे.' खाली सह्या आणि बरेचसे अंगठे. मी मशीनचं झाकण तसंच उघडं ठेवून आबांना फोन लावला.

आबा आले, ठराव दोनदा वाचला आणि शब्दाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "हाऊ कोनी लिखा, माय?"

"ग्रामसेवकांनी," ती म्हणाली. "त्यांनी आधी 'उंच टेकडी' लिहिलं होतं. बायांनी ते खोडायला लावलं. म्हणाल्या, टेकड्या दहा आहेत, टावरी एकच आहे. दुसरं काही लिहिलं तर शेड भलतीकडंच बांधतील."

आबा हसले. हा कागद पुस्तकवाल्यांना पाठवला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. पुस्तक कसलं, त्यात काय येणार, कोण वाचणार, हे तिनं सगळं खोदून विचारून घेतलं. मग थोडा विचार करून म्हणाली, "गावाचं नाव येईल ना? मग पाठवा." त्या दिवशी मी चौथी झेरॉक्स काढली.

शब्द घेतला गेला. वर्षभरानं तपासायला छापील कागद आले, आणि त्याबरोबर कोशाच्या समितीची सूचना की अर्थ अचूक आहेत का ते पाहून कळवावं. समितीला लाल पेनाचा भारी सोस. आबांच्या बाकी एकाही नोंदीतलं वाक्य त्यांनी धड ठेवलं नव्हतं. टावरीपुढं मात्र मी टाइप करताना घातलेला अर्थ तसाच होता, 'डोंगराळ भागात मोबाइलचे नेटवर्क मिळण्याची उंच जागा.' त्यात चूक काही नव्हती. पण त्याच आठवड्यात बातमी आली की त्या गावाजवळ खराखुरा टॉवर उभा राहिला, आणि आता घराघरात फोन लागतो. मी म्हटलं, "आबा, पुस्तक यायच्या आत शब्द म्हातारा झाला हो." आबा म्हणाले, "दखाले पडी." म्हणजे बघावं लागेल. आम्ही पुन्हा घाट चढलो.

पायवाट नीट झाली होती. शेडही होती, पत्र्याची. मला वाटलं होतं तिथं शेळ्या बांधलेल्या असतील. तिथं बाया बसलेल्या होत्या, पहिल्यापेक्षा जास्तच. वहिनी कानाला फोन लावून एका कडेला उभी होती. तिचं बोलणं संपल्यावर मी विचारलं, आता तर घरात लागतो ना? ती खळखळून हसली. "लागतो की. पण घरात सासू ऐकते, सासरा ऐकतो, पोरं ऐकतात. घरी फक्त बरं आहे असं सांगायचं. खरं बोलायचं तर इथं यायचं." ती म्हातारीही तिथंच होती. तिचा मुलगा पाचच्या सुमाराला टावरीवर फोन करतो, म्हणून ती येते. फोन तर सारखा तिच्या कमरेलाच असतो, हे तिला कुणी सांगायला गेलं नव्हतं.

आबांनी शेडच्या खांबाला टेकून छापील कागद गुडघ्यावर घेतला. माझं वाक्य त्यांनी आडवी रेघ मारून खोडलं. मला वाईट वाटलं नाही. मग कुणालाही न विचारता त्यांनी त्याच्याखाली आपल्या जाड अक्षरात लिहिलं.

पुस्तक यंदा आलं. माझ्या पत्त्यावर, नंदुरबारला, कारण अर्जावर पत्ता माझा होता आणि तो बदलल्याचं मी कळवलं होतं. मी उभ्याउभ्या पान काढलं आणि आबांना फोन केला. ते धडगावच्या गाडीत होते, मागच्या बाकावर. गाडीचा खडखडाट येत होता. "वाच," ते म्हणाले. मी वाचलं. "टावरी, टॉवरी. आपल्या माणसाशी मोकळेपणानं बोलता येते ती उंच जागा." पुढं गावाचं नाव. समितीनं काना-मात्राही बदलला नव्हता.

आबा म्हणाले, "परत वाच. मोठल्या आवाजमा." त्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला असावा, कारण गाडीतली गलबल हळूहळू थांबली. मी पुन्हा वाचलं, अगदी स्टँडवर गाडी पुकारतात तसं. हसलं कुणीच नाही. मग गाडीत कुठून तरी एका बाईचा आवाज आला, "बाबा, आमच्या गावची पण टावरी आहे. ती पण लिहा."

आबा फोन बंद करायला विसरले, आणि मीही तो ठेवला नाही.